पाचवा दगड

२६ नोव्हेंबर १९७२, रविवार

शिसारी आली. अजून जात नाही.

राहुरीचं लग्न. वरात निम्म्यावर आली आणि नवरदेवाच्या मामानं माझ्या तोंडातलं क्लॅरिनेट ओढून घेतलं. ओढून! "आन हिकडं, म्या वाजवितो!" — तोंडात पान, पानात तंबाखू. गाल फुगवून फुंकलं. सूर निघाला नाही, लाल रस निघाला. लोक हसले. मग त्यानं ते स्वतःच्या हातानं परत माझ्या तोंडात घातलं. तेवढ्यात गनीभाईंची शिटी झाली. आमच्या बँडचा कायदा आहे — मास्तरांची शिटी झाली की पुढची चाल धरायची, मेलात तरी. मी धरली. त्या माणसाच्या थुंकीतून वाजवली!

नगरला खोलीवर येऊन सहा वेळा धुतलं. तोंडाशी बसवायची वेताची पत्ती फेकून दिली. चार महिने घासून घासून मनासारखी केली होती ती.

बन्सी कॉर्नेट वाजवतो, माझ्या शेजारची खाट त्याची. तो म्हणाला, "गहिन्या, लेका मामाचा आशीर्वाद हाय त्यो. धुतोस कशाला?"

२८ नोव्हेंबर

परवाचंच राहिलेलं लिहितो. पंगत बसली तेव्हा फर्माईश नव्हती. सगळे जेवणात. मी माझी चाल धरली — पहिल्या चार ओळी, हळू. वाढपी वरणाची बादली घेऊन थांबला.

"कंच्या पिक्चरची ही?"

"कुठल्याच नाही. माझी आहे."

"तुजी? मंग वाजवितो कशाला?"

त्याच्या तोंडावर नुसतं आश्चर्य होतं. राग असता तर परवडला असता.

बन्सी तेव्हापासून मला "म्युझिक डायरेक्टर" म्हणतो.

४ डिसेंबर

गनीभाईंनी बँड बंद केला. पाऊस नाही, पीक नाही, लग्नं नाहीत. डगले मोजून पेटाऱ्यात भरले. त्यांना येणारा वास! दहा जणांचा दहा वर्षांचा घाम. मी नाक दाबून बाहेर गेलो.

गनीभाई म्हणाले, "बेटा, तू गावाला जा. आईजवळ राहा. बाजाची पेटी घेऊन जा, इथं उंदीर खातील. पण पेटीवर लई भरवसा ठेवू नको. तिला पन वय होतं. कानानं तपासून घेत जा."

हो म्हणालो. पण मनात वेगळंच. पेटीला तोंड लागत नाही. लाळ नाही, पान नाही, मामा नाही. सगळ्या बँडमधे तेवढं एकच वाद्य स्वच्छ आहे. तिच्यावर भरवसा नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

११ डिसेंबर, सोमवार

जामखेड–खर्डा रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला लागलो. आईचं आणि माझं नाव एकाच हजेरीत. बोटांना चिंध्या गुंडाळल्या. सगळे हसले. क्लॅरिनेटची भोकं बोटांच्या पेरांनी झाकावी लागतात हे कुणाला सांगणार? पेर चिरलं की सूर फुटतो.

नाकातून काळं येतं. थुंकलं तर काळं. कामावर वाटतात त्या सुकडीच्या पिठाला खवट वास. मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, भाकरी लाल, घशातून उतरत नाही. सगळे एकाच पिंपातून पाणी पितात, एकाच तांब्यानं, तांब्याला तोंड लावून. मी ओंजळीनं प्यायलो तर मागून कुणीतरी म्हणालं, "बामण झाला की काय रं?"

पण एक घडलं. माझ्याशेजारी छबूबाई म्हणून एक बाई बसते. पन्नाशीची असेल. तोंडाचा पट्टा चालू, हातोडी त्याहून चालू. तिनं एक लांबट काळा दगड उचलला, हातोडीनं एकदाच टिचकी मारली आणि बाजूला फेकला.

दगड वाजला. नुसता आवाज नव्हे — सूर! घंटेसारखा, पण घंटेपेक्षा कोरडा.

"का फेकला?"

"वाजता दगड हाय त्यो. फुटत न्हाई. हातोडी उलटी येती आन मनगाट मोडतं. आमी न्हाई घेत वाजतं."

बायांच्या मागे वाजत्या दगडांचा ढीग पडला आहे. इथं बसणाऱ्या प्रत्येक बाईनं एकेक टिचकी मारून, ऐकून, निवडून टाकलेला.

१३ डिसेंबर

आठ दगड घरी आणले. आई म्हणाली, "चूल मांडायची का दुसरी?"

२२ डिसेंबर

पद्धत लिहून ठेवतो, विसरायला नको.

दगड दोन सुंभांवर आडवा ठेवायचा, टोकं मोकळी. जमिनीवर ठेवला तर मुका होतो. टोकाची कपची काढली की सूर चढतो. मधून पोटाशी खरवडलं की उतरतो. एकदा जास्त चढला की संपलं, कपची परत चिकटत नाही. मी दोन दगड असेच घालवले, त्यांच्या जागी ढिगातले दुसरे आणले. मग लाज सोडून छबूबाईकडे नेले. तिची हातोडी म्हणजे सोनाराची. मी पेटीची पट्टी दाबून धरतो, ती ऐकते, एक कपची काढते. तीन दिवसांत सात दगड लागले. तिला विचारलं, गाणं शिकलात का कुठं? म्हणाली, "दगूड शिकले. चाळीस वर्सं."

भांडण पाचव्यावर झालं. पेटीचा पंचम धरला, तिनं कपची काढली, लागला. पेटीशी अगदी तंतोतंत! पण तिनं मान हलवली.

"ह्यो रडतुया."

"पेटीला लागलाय ना?"

"मंग पेटी रडती."

पंचम काय ते माहीत नाही, आणि पेटीला नावं ठेवते! वर हातोडीवर थुंकून पदरानं पुसली. मी दगड उचलून आणला.

१ जानेवारी १९७३

नवी वही. जुन्या वहीतलं सगळं इथं एकदा थोडक्यात लिहितो. पुढं कुणी विचारलं तर माझ्याकडे असावं. (कोण विचारणार?)

बारावं वर्ष — शाळेच्या कवायतीत साइड ड्रम. चौदावं — वडिलांचं संबळ. ते गेल्यावर आईनं खुंटीवरून काढून दिलं. नववीत शाळा सुटली. गणितानं सोडवली, शुद्धलेखनात माझी एकही चूक नसे. सोळावं — गनीभाईंकडे पाणी भरायला. सतरावं — त्यांनीच क्लॅरिनेट हातात दिलं. मग पेटी, बुलबुलतरंग. एकोणिसावं — कपबशांत पाणी घालून जलतरंग, बन्सीनं सगळं पाणी पिऊन टाकलं. विसावं — क्लॅरिनेटच्या तोंडाशी पत्र्याचा डबा धरून घुमवलं. गनीभाईंनी डबा फेकला, पण आधी एकदा पूर्ण ऐकलं. आता तेविसावं — दगड.

चाल तयार आहे. आठ दगड, दोन बाभळीच्या दांड्या, टाचेला घुंगरू, डाव्या गुडघ्याशी संबळ, मधे क्लॅरिनेट. सगळं मी एकटाच. अकरा मिनिटं. घड्याळ लावून तीनदा पाहिलं, अकराच.

एक बारीक अडचण. क्लॅरिनेटवर पंचमाला आलो की ओठ सैल सोडून सूर जरा उतरवावा लागतो, तेव्हा दगडाशी मिळतं. थंडीमुळं असेल.

१५ जानेवारी

आज चूक केली. दुपारच्या सुट्टीत सगळ्यांसमोर वाजवलं.

मुकादम आसाराम म्हणाला, "सरकारनं दगूड फोडाया दिल्यात का वाजवाया?" गडी हसले. दोघं नाचले, लग्नात नाचतात तसे, बोट वर करून. एकानं नागाच्या पुंगीची फर्माईश केली! चौथ्या मिनिटाला मी थांबलो.

बाया हसल्या नाहीत. एक म्हणाली, "पुन्यांदा वाजीव की." ही चेष्टा तर जास्तच झोंबली. आणि छबूबाई? क्लॅरिनेटच्या टोकाकडे बोट करून — "शी! लाळ गळती त्यातनं!"

तिला शिसारी! काळं थुंकणाऱ्या बाईला!

या लोकांसाठी पुन्हा वाजवणार नाही. लिहून ठेवतो. नाही.

२८ जानेवारी, रविवार

घाईघाईत लिहितो, अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

नगरहून काकासाहेब आले होते. वकील आहेत आणि नाटक मंडळ चालवतात. खडीवरच्या लोकांना जुने कपडे वाटायला जीपमधून आले. आसारामनं गंमत म्हणून माझं नाव सांगितलं. ते घरी आले. वाकून, दारातून आत! मी वाजवलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. पाचव्या दगडाला "अहाहा" म्हणाले. पाचव्याला! छबूबाईनं ऐकायला हवं होतं.

"अद्भुत! गहिनीनाथ, हे नगरनं ऐकलं पाहिजे. अठरा फेब्रुवारीला आमचं नाटक आहे. पडदा उघडायच्या आधी तू."

मी विचारलं, "पूर्ण? अकरा मिनिटं?"

"पूर्ण."

"मधे कुणी बोलणार नाही?"

ते हसले. "अरे, आमचे प्रेक्षक वरातीतले नव्हेत."

एकदा. मला एकदाच हवं आहे. पहिल्या टोल्यापासून शेवटच्यापर्यंत, गप्प बसलेल्या माणसांसमोर. त्यानंतर जन्मभर शिटीवर वाजवीन.

६ फेब्रुवारी

छबूबाई सकाळी घरी आली. पदरात दगड.

"मास्तर, नगराला चाल्लास. पाचवा ह्यो घेऊन जा. म्या ताशीलाय."

"कशावर ताशीला? पेटी तर इथं आहे."

"बाकीच्या सातांवर."

बाकीच्या सातांवर! म्हणजे मनानं. मी म्हणालो, ठेवा तिथं. गेल्यावर आईनं तो दाराला लावला. वाऱ्यानं दार आपटतं, ते बरं झालं.

१७ फेब्रुवारी, शनिवार, नगर

तालीम.

काकासाहेबांनी एकदा ऐकलं आणि हाताची घडी घातली. क्लॅरिनेट नको — "ते लग्नाचं वाटतं." घुंगरू नको. संबळ नको — "देवाधर्माचं होतं." नुसते दगड. आणि माझा शर्ट पाहिला. आईनं नगरसाठी शिवून घेतलेला, पांढरा.

"हा नाही चालणार. खडीवर होतास तसा ये."

"तो मळका आहे."

"तेच!"

मग मंडळातल्या एकानं खरंच शर्ट आणला आणि खांद्याशी फाडला. दुसऱ्यानं गालाला राख. मधे मधे काकासाहेब स्वतः बोलणार आहेत. मी म्हणालो, मधे कुणी बोलणार नव्हतं ना? ते म्हणाले, "मी म्हणजे कुणी नव्हे रे. मी भुकेचा आवाज."

मी हो म्हणालो. त्यांच्या शिटीवर दुसरी चाल धरली! राहुरीत तरी तोंडात जबरदस्तीनं घातलं होतं. इथं मी आ केला.

१९ फेब्रुवारी

झालं.

खुर्च्या भरलेल्या. अत्तराचा वास, पावडरीचा वास, कुणीतरी लवंग चघळत होतं. पडदा. काकासाहेब अंधारातून — "ऐका! हा दुष्काळाचा आक्रोश ऐका!" मी पहिला टोला दिला. माझी चाल आक्रोश नाही. तिची तिसरी ओळ तर सरळ सरळ हसते! पण ती आली तेव्हा ते मोठ्यानं "भाकर… भाकर…" म्हणत होते. चौथ्या मिनिटाला त्यांनी खूण केली, थांब. मी थांबलो. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसत होत्या.

नंतर एका बाईंनी रुमालात बांधलेले दोन लाडू माझ्या हातात कोंबले. शालवाल्या एका गृहस्थांनी पाठीवर हात फिरवला. "किती दिवसांनी जेवलास, बाळ?" मी तासापूर्वीच बन्सीबरोबर भजी खाल्ली होती, दोन प्लेट. ढेकर येत होती. ती दाबली आणि मान खाली घातली. मान का घातली? मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी स्वतःहून केलं!

खडीवर दगड हे दगड. नगरमधे दगड ही भूक. सूर कुणासाठीच नाहीत. चारशे माणसांत एकानं म्हणावं, की तिसऱ्या ओळीत असं का केलंस. एकानं!

बाहेर गनीभाई उभे होते. तिकीट काढून आले होते. मी विचारलं, कसं झालं? त्यांनी माझ्या खांद्यावरची चिंधी दोन बोटांत धरली.

"कपडा कोणी फाडला, बेटा?"

सूर मिळवायला बरोबर नेलेली पेटी त्यांच्याजवळ टाकून आलो. नको आता.

२२ फेब्रुवारी

आठही दगड पोत्यात घालून खडीवर नेले आणि छबूबाईच्या ढिगावर ओतले.

"फोडा."

तिनं एकेक उचलून सरळ केला. "वाजतं फुटत न्हाई, मास्तर. पयल्या दिशी सांगितलं हुतं." मग म्हणाली, "ऐकलं का नगरानं?"

"नाही."

"समदं वाजीवलंस?"

"नाही."

तिनं हातोडी उचलली आणि पुढची खडी फोडायला घेतली. बरं केलं.

१ मार्च

खडी. सुकडी. धूळ.

४ मार्च

बोटांना चिंध्या बांधणं सोडलं.

१२ मार्च, सोमवार

बन्सीचं कार्ड. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, एका कार्डात सोळा चुका, सगळ्यांखाली रेघ मारली. मजकूर: कॉर्नेटवाले दोघे परत आले, उन्हाळ्यात राहुरीकडची बागाईतातली तीन लग्नं ठरली, गनीभाई बोलावतात. पुढं — पेटी कारागिराला दाखवली. पंचमाच्या पितळी जिभेला चीर निघाली. तो सूर केव्हाचा उतरलेला आहे, दिवाळीच्या आधीपासून, असं कारागीर म्हणतो. "म्युझिक डायरेक्टरला कळवा" असं गनीभाईंनी सांगितलंय म्हणे.

खोटं. मी ती पेटी रोज ऐकत होतो.

थंडी तर महिन्यापूर्वीच गेली, आणि क्लॅरिनेटवर ओठ अजून सैलच सोडतो. सवय लागली असेल.

खोटं आहे.

१३ मार्च

संध्याकाळ. सावकाश लिहितो.

सुट्टीत पाण्याच्या पिंपाकडे गेलो होतो. परत येताना ऐकलं. बाभळीखाली आठ दगड सुंभांवर मांडलेले, छबूबाई आणि आणखी दोघी, तीन हातोड्या. माझी चाल. पहिल्या टोल्यापासून. नगरला ऐकू गेली नाही ती तिसरी ओळसुद्धा — हसरीच्या हसरी. जानेवारीत मी चार मिनिटं वाजवली होती. पुढचं त्या आमच्या भिंतीपलीकडून येता-जाता ऐकत होत्या म्हणे. दहा-बारा बाया बसल्या होत्या. कुणी बोललं नाही. आसारामसुद्धा नाही. पाचवा दगड माझा नव्हता. आमच्या दाराला लावला होता तो, आईकडून मागून आणलेला. तो बरोबर आहे. माझा पहिल्या दिवसापासून उतरलेला होता.

संपल्यावर विचारलं, "उद्या क्लॅरिनेट आणू का?"

छबूबाई म्हणाली, "आन. पर धुऊन आन."

आईच्या हंड्यातलं एक तांब्या पाणी घेतलं. धुतलं.